पोर्चमधले अकरा सेकंद

गुवाहाटीत 26 नोव्हेंबर 2025 ला भारत दक्षिण आफ्रिकेकडून 408 धावांनी हरला. धावांच्या हिशेबात आपल्या कसोटी इतिहासातला हा सगळ्यात मोठा पराभव. मालिका 0-2 अशी गेली. मैदानातच लोकांनी प्रशिक्षक गौतम गंभीरच्या नावानं ‘हाय हाय’ केलं आणि त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत गंभीरनं सांगितलं की माझं पुढं काय करायचं ते क्रिकेट बोर्डानं ठरवावं. मग बातमी आली. 3 डिसेंबरला, रायपूरच्या एकदिवसीय सामन्याच्याच दिवशी, बोर्डाचे पदाधिकारी, गंभीर आणि निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर एकत्र बसणार.

सामन्याचं तिकीट भाच्यानं आधीच काढून ठेवलं होतं, पण मला नागपूरहून उठवून रायपूरला नेलं ते या बातमीनं. गंभीर राहणार की जाणार, गेला तर कोण येणार, आगरकरांचं काय, याच्यावर साऱ्या देशात दिवसभर बोललं जातं. हे बोलणं तयार कुठं होतं, कोण करतं, कोणत्या मालातून करतं, ते मला जवळून पाहायचं होतं.

नवं रायपूर जुन्या शहरापासून वीसेक किलोमीटरवर. रस्ते रुंद, माणसं तुरळक. संघ उतरलेल्या हॉटेलच्या फाटकाबाहेर मात्र सकाळी उजाडतानाच जत्रा जमली होती. तिपायांची रांग, माईकवर वाहिन्यांचे रंगीत चौकोनी ठोकळे, पाठीला लाइव्ह पाठवायच्या यंत्राच्या पिशव्या. पोलिसांची दोरी फाटकापाशी. तिथून आतला पोर्च आणि त्यामागचा काचेचा दरवाजा दिसतो, एवढंच.

त्या गर्दीत एक पोरगा भेटला. एका वाहिनीचा स्ट्रिंगर, पगार नाही, बातमीमागे पैसे. मोबाइलवर कोणाशी तरी मराठीत बोलत होता म्हणून मी जवळ गेलो. घर तात्यापाऱ्यात, आजोबा अकोल्याहून रेल्वेच्या नोकरीनं इकडं आले ते इथलेच झाले. त्याच्या मराठीत वऱ्हाड अजून शाबूत आहे. गळ्यातल्या गमछ्याच्या टोकानं तो सारखा कॅमेऱ्याची काच पुसत होता. डिसेंबरातली पहाट, काचेवर दव बसत होतं, पुसलं की पुन्हा बसत होतं.

“अकरा सेकंद भेटते काका,” तो म्हणाला. “बसच्या पायरीपासून त्या काचेच्या दरवाज्यापर्यंत. काल मोजले मी. त्यातच दिवस काढा लागते.”

दिवस कसा काढतात तेही त्यानं दाखवलं. आदल्या संध्याकाळचं दृश्य मोबाइलवर होतं. गंभीर उतरतो, मान किंचित खाली, हातात फोन, चालतो, दरवाजा. अकरा सेकंद. हेच दृश्य डेस्ककडे गेल्यावर मंद गतीत चालवतात म्हणजे लांबतं, चेहऱ्याभोवती लाल गोल येतो, खाली पट्टी फिरू लागते. “मान खाली असली तं तणावात. वर असली तं आक्रमक. हसला तं मंग काही कामाचं नाही.” तो हे तक्रारीनं सांगत नव्हता. कामाची रीत समजावून द्यावी तसं सांगत होता.

उरलेलं काम फोनवर चालतं. दिल्लीहून किंवा नोएडाहून डेस्क विचारतं, काय हालचाल? हा सांगतो, गाड्या आल्या. कोणाच्या गाड्या? काचा काळ्या आहेत. मग डेस्क विचारतं, बोर्डाचे लोक असतील का? हा म्हणतो, असू शकतात. थोड्या वेळानं शेजारच्या माणसाच्या मोबाइलवर पट्टी दिसते, सूत्रांच्या हवाल्यानं मोठी बातमी. हे माझ्यासमोर घडलं. तो ‘असू शकतात’ म्हणाला होता, त्यातलं ‘शकतात’ वाटेत कुठं गळून पडलं ते कुणालाच विचारता आलं नसतं. त्याचा त्यात काडीचा दोष नाही. त्याला अकरा सेकंद दिले आहेत आणि त्यातून चोवीस तासांचं पीक मागितलं जातं.

बैठकीतला एक शब्दही फाटकापर्यंत आला नाही.

खरं तर हे निर्णय कोण घेतं, हे काही गुपित नाही. गंभीरची नेमणूक 9 जुलै 2024 ला जाहीर झाली, 2027 च्या विश्वचषकापर्यंत. त्याआधी क्रिकेट सल्लागार समितीनं मुलाखती घेतल्या. त्या समितीत होते अशोक मल्होत्रा, जतीन परांजपे आणि सुलक्षणा नाईक. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत आगरकरांना निवड समितीच्या अध्यक्षपदी आणलं तेही याच तिघांच्या शिफारशीनं. परांजपे आणि नाईक हे मुंबईचे दोन माजी खेळाडू प्रशिक्षक आणि मुख्य निवडकर्ता निवडण्याच्या कामात होते, हे आपल्याकडच्या किती क्रिकेटवेड्यांना ठाऊक आहे? आगरकरनं लॉर्ड्सवर 2002 साली नाबाद 109 केल्या हे सगळ्यांच्या तोंडपाठ असतं. संघ निवडताना त्याची समिती कोणत्या कसोट्या लावते, हे विचारायला मात्र कोणी जात नाही.

रायपूरचा तर यात थेट हात आहे. छत्तीसगडच्या क्रिकेट संघटनेला बोर्डाचं पूर्ण सदस्यत्व मिळालं 2016 मध्ये, रणजी पदार्पणही त्याच हंगामात. आणि आता इथले प्रभतेजसिंग भाटिया बोर्डाचे संयुक्त सचिव आहेत. त्याआधी जानेवारी 2025 मध्ये ते बिनविरोध खजिनदार झाले होते. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाजवळ भेटलेल्या एका आजोबांनी हे मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो अभिमान रास्तच आहे. कालपरवापर्यंत आपल्या मुलांना मध्य प्रदेशाच्या संघात जागा मागावी लागणारं हे राज्य आज बोर्डाच्या मेजावर बसतं. माझं म्हणणं एवढंच की मेजावर बसणाऱ्यांनी कधी फाटकापर्यंत यावं, काय ठरलं आणि का ठरलं ते दोन वाक्यांत सांगावं. पराभवानंतर पत्रकारांपुढं बसतो तो प्रशिक्षक आणि कर्णधार. त्यांना नेमणारे सहसा बसत नाहीत. मग सारा राग एका चेहऱ्यावर जातो, आणि तो चेहरा अकरा सेकंदच दिसतो.

हे आजचं नाही. 1971 च्या जानेवारीत निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानं पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. त्या वर्षी वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडं मालिका जिंकल्या, इंदुरात विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भलीमोठी बॅट उभी राहिली. 1974 मध्ये लॉर्ड्सवर सगळा संघ 42 धावांत गारद झाला, मालिका 0-3 गेली आणि लोकांनी त्याच बॅटला काळं फासलं. पश्चिम विभागाच्या संघातूनही वाडेकरांना वगळलं, त्यांनी खेळणं सोडलं. तीन वर्षांत देव्हाऱ्यातून रस्त्यावर. मधल्या काळात संघाची बांधणी कुठं चुकली याची चर्चा त्या डांबराखाली गाडली गेली.

वाडेकर पुढं संघाचे मॅनेजर म्हणून परत आले. त्या वेळी प्रशिक्षकाचं काम मॅनेजरच करायचा. 1993 च्या सुरुवातीला अझरुद्दीनचं कर्णधारपद जाणार अशी जोरदार हवा होती, दक्षिण आफ्रिकेचा दौरा वाईट गेला होता. वाडेकर आणि अझर यांनी घरच्या खेळपट्ट्यांवर तीन फिरकीपटू खेळवायचं ठरवलं. अनिल कुंबळे, वेंकटपती राजू आणि तिसरा राजेश चौहान, भिलाईचा. रायपूरपासून तासाभराच्या वाटेवरचा. इंग्लंडला आपण 3-0 धुतलं. चौहान 21 कसोटी खेळला आणि त्यातली एकही भारतानं गमावली नाही. हा इतिहास त्या फाटकाबाहेर एकाच्याही तोंडी नव्हता. 2024 मध्ये न्यूझीलंडनं आपल्याच मैदानांवर 3-0 आणि 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेनं 2-0 हरवलं ते बऱ्याच अंशी फिरकीच्या पुढं आपली फलंदाजी कोसळल्यामुळं. ईडन गार्डन्सवर 124 धावांचा पाठलाग करताना 93 वर डाव आटोपला. फिरकी खेळायला शिकवणारी आपली शाळा कुठं बंद पडली, देशांतर्गत सामन्यांत कशा खेळपट्ट्या मिळतात, हे प्रश्न गंभीरच्या आधीचे आहेत आणि त्याच्यानंतरही उरणार आहेत. गंभीरचे निर्णय मला सगळे पटत नाहीत. कसोटीत अष्टपैलूंची खोगीरभरती तर अजिबात नाही. पण त्याला काढलं की दुखणं बरं होईल, असं ज्यांना वाटतं त्यांनी इंदुरची ती बॅट आठवावी.

दुपारी स्टेडियमवर गेलो. परसदा गावाच्या हद्दीत उभं असलेलं हे मैदान शहीद वीर नारायण सिंह यांच्या नावाचं. सोनाखानच्या या जमीनदारानं 1856 च्या दुष्काळात सावकाराचं धान्याचं कोठार भुकेल्यांसाठी उघडलं, आणि 10 डिसेंबर 1857 ला इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिली.

नाणेफेक हरलो. एकदिवसीय सामन्यांत सलग विसाव्यांदा. त्याला कोणता प्रशिक्षक काय करणार? पण नंतर जे झालं त्याचं मूळ त्या नाण्यात होतं. आधी फलंदाजी आली. विराट कोहलीचं 53 वं एकदिवसीय शतक आणि आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडचं पहिलं, 83 चेंडूंत 105. श्रेयस अय्यर जखमी म्हणून त्याला संघात जागा मिळाली होती, तीही त्याच्या नेहमीच्या सलामीला नाही, चौथ्या क्रमांकावर. दोघांची 195 धावांची भागीदारी. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई लेकराला मांडीवर उभं करून ऋतुराजकडे बोट दाखवत होती. धावा झाल्या 358.

अंधार पडला तसं दव उतरलं. पाणी प्यायची विश्रांती झाली की मैदानावरचे कामगार आत धावत. जाड लांब दोराची दोन टोकं दोघांनी धरायची आणि सीमारेषेपासून आतपर्यंत गवतावरून ओढत न्यायचा, म्हणजे पात्यांवरचं पाणी खाली झडतं. माझ्या बाजूच्या टोकाला एक वयस्क माणूस होता. पँट गुडघ्यापर्यंत ओली, पाय अनवाणी. दोर ओढताना तो अर्धा वाकून, जवळजवळ तिरपा होऊन चालत होता. फेरी संपली की वाकून तळहात गवतावर फिरवायचा आणि शर्टाला पुसायचा. त्याच्या हाताला जे कळत होतं ते गोलंदाजांच्या बोटांना कळत होतं. चेंडू साबणासारखा सुटत होता. एडन मार्करम 53 वर असताना यशस्वी जैस्वालकडून त्याचा झेल सुटला, आणि मार्करमनं 110 केल्या. ब्रीट्झके, ब्रेविस सगळे मोकळे खेळले. चार चेंडू राखून दक्षिण आफ्रिका जिंकली.

आमच्या गॅलरीत एकच आरोळी उठली, गंभीरला काढा. मी त्या म्हाताऱ्याकडे पाहत होतो. सामना सुटला तरी तो दोर गुंडाळत होता, ओल्यानं जड झालेला.

रात्री उशिरा फाटकावर पुन्हा गेलो. पोरगा होताच. बस आली, माणसं उतरली, पुन्हा अकरा सेकंद. या वेळी गंभीरनं टोपी घातली होती, चेहरा नीट मिळाला नाही, म्हणून डेस्कनं त्याला झापलं. सकाळपासून त्यानं पोहे आणि चहा सोडून काही खाल्लं नव्हतं. मी त्याला विचारलं, तुला काय वाटतं, गंभीर जाईल का? त्यानं गमछा सोडला, काच पुसली. “मला कोणी नाही विचारत काका. ऋतुराज भारी खेळला, हे सांगा वाटते. पण त्याचा बाइट कोण घेते?”

6 डिसेंबरला विशाखापट्टणमला आपण नाणेफेक जिंकली आणि सामनाही, नऊ गडी राखून. जैस्वालचं नाबाद शतक, मालिका 2-1. काही दिवस पट्ट्या थंडावल्या. 3 जानेवारीला न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय मालिकेचा संघ जाहीर झाला. अय्यर परतला होता आणि त्याआधीच्या महिन्यात रायपूरला 105 करणाऱ्या ऋतुराजचं नाव यादीत नव्हतं. याची कारणं असतील, कदाचित पटणारीही असतील. ती ज्यांच्या तोंडून यायला हवीत ते काळ्या काचांच्या गाड्यांतून आत जातात.

त्या संध्याकाळी पोरग्याचा फोन आला. 23 जानेवारीला न्यूझीलंडचा वीस षटकांचा सामना रायपुरातच, त्यासाठी पास लागेल म्हणून तो धावपळीत होता. ऋतुराजचं त्यालाही लागलं होतं. ती बातमी करतो म्हणून त्यानं डेस्कला विचारलं, तर तिकडून उलटा प्रश्न आला, गंभीर कोणत्या दिवशी उतरतो, ते आधी कळव.