पायरी किती उंच? स्टायलस प्रोफायलोमीटरने फिल्मची जाडी मोजण्याआधी



मी जालन्याची. आमच्याकडे स्टीलच्या रोलिंग मिल भरपूर, त्यामुळे लोखंडी सळई लहानपणापासून हाताखालची. सळईवरून डोळे मिटून नख फिरवा. प्रत्येक उंचवट्याशी नख वर जातं, पुन्हा खाली येतं. स्टायलस प्रोफायलोमीटर हेच करतो. फरक एवढाच, की सळईचा उंचवटा मिलिमीटरच्या घरातला, आणि आपली थिन फिल्म असते साधारण ३०० नॅनोमीटरची.

यंत्र काय करतं?

हिऱ्याचं टोक असलेली सुई नमुन्यावर अलगद टेकते, जोर फक्त काही मिलिग्रॅम. खालचा टेबल सरळ रेषेत सरकतो. सुई वर-खाली झाली की सेन्सर त्याचं विद्युत संकेतात रूपांतर करतो आणि स्क्रीनवर आलेख येतो. काचेवरून फिल्मवर चढताना आलेखात जी पायरी दिसते, तिची उंची म्हणजे फिल्मची जाडी.

ऐकायला सोपं आहे. म्हणूनच फसायला होतं.

माझे १०० नॅनोमीटर कुठून आले?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी झिंक ऑक्साइडच्या फिल्म डब्यात घालून, रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला मोजायला गेले होते. हातात एक तासाचा स्लॉट. पहिलाच आकडा आला ४१२ नॅनोमीटर. मी खूश! तो वहीत लिहिला, त्यावरून रेझिस्टिव्हिटीसुद्धा काढली. परत आल्यावर गाइडनी एकच प्रश्न विचारला, "लेव्हलिंग कुठे केलंस?" मी केलंच नव्हतं.

आता गणित बघा. नमुना टेबलावर कधीच अगदी सपाट बसत नाही. समजा दर मिलिमीटरला तो फक्त ०.१ मायक्रोमीटर चढतोय. डोळ्याला हे दिसणारही नाही. पण मी काचेवरचा एक बिंदू आणि फिल्मवरचा एक बिंदू घेतला होता, दोघांत अंतर १ मिलिमीटर. म्हणजे ०.१ मायक्रोमीटर, अर्थात १०० नॅनोमीटर, नुसत्या उताराचे! सेव्ह केलेला आलेख लेव्हल केल्यावर उंची आली ३१२. रेझिस्टिव्हिटी म्हणजे शीट रेझिस्टन्स गुणिले जाडी, त्यामुळे तीही तितकीच, जवळजवळ एक तृतीयांशाने, जास्त लिहिली गेली होती. अॅब्सॉर्प्शन कोइफिशिअंटमध्ये जाडी भागाकारात येते, तिथे चूक उलट्या बाजूला गेली असती.

गवंडी भिंत मोजण्याआधी पाणसळ लावतो. आपणही तेच करायचं. लेव्हलिंगचे दोन्ही बिंदू एकाच पातळीवरचे हवेत: दोन्ही काचेवर, नाहीतर दोन्ही फिल्मवर. एक काचेवर आणि एक फिल्मवर ठेवलात, तर सॉफ्टवेअर तुमची पायरीच उतार समजून सपाट करून टाकेल.

म्हणून एक कड नको, चर करा

फिल्मच्या मधोमध काच उघडी पडेल असा सरळ चर केला, की दोन्ही बाजूंना फिल्म मिळते आणि लेव्हलिंग भक्कम होतं. ISO ५४३६-१ या मानकात अशा चरासाठी छान नियम आहे. चर ६०० मायक्रोमीटर रुंद असेल तर स्कॅन त्याच्या तिप्पट, म्हणजे १८०० चा घ्या. तळाचा फक्त मधला २०० चा भाग वापरा. बाहेरच्या बाजूंनाही कडेलगतचे २००-२०० सोडून द्या. कारण कडेपाशी फिल्म उचललेली, कुरतडलेली किंवा उतरती असते. तिथला आकडा जाडीचा नसतो.

हा चर ब्लेडने खरवडून करू नका. ब्लेड काचेलाही ओरखडा पाडू शकतं आणि भुगा कडेला साचतो. झिंक ऑक्साइड असेल तर दोन्ही बाजूंना टेप लावून, मधल्या फटीत विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा बोळा फिरवा. फिल्म विरघळते, काचेला काही होत नाही. मग पाण्याने धुवा. हातमोजे आणि गॉगल हवाच. हे सगळं घरच्या लॅबमध्ये उरका, स्लॉटचा तास त्यात घालवू नका.

सुईच्याही मर्यादा असतात

सुईचं टोक गोल असतं. समजा त्याची त्रिज्या १२.५ मायक्रोमीटर आहे आणि चर फक्त २ मायक्रोमीटर रुंद. अशी सुई त्यात जेमतेम ४० नॅनोमीटर उतरते. खोली ३०० असली तरी यंत्र ४० दाखवणार. आपल्या रुंद चराला ही अडचण नाही.

पॉलिमरसारखी मऊ फिल्म असेल तर सुई तिला दाबते, ओरबाडते. त्याच रेषेवर दुसरा स्कॅन घ्या. उंची कमी आली किंवा मायक्रोस्कोपमध्ये रेघ दिसली, तर जोर कमी करा.

आणि सुरुवातीला प्रमाणित पायरीचा नमुना मोजायला विसरू नका. तिची उंची प्रमाणपत्रावर असते. यंत्र तीच दाखवत नसेल तर तुमच्या आकड्यालाही अर्थ नाही.

आकडा कसा लिहायचा?

एका जागी मोजून थांबू नका. माझ्या फिल्मवर पाच जागी आले: ३१२, २९८, ३०५, ३२१, २९९. सरासरी ३०७, प्रमाण विचलन साधारण १०. म्हणून ३०७ ± १० नॅनोमीटर. सोबत सुईची त्रिज्या, जोर, स्कॅनची लांबी आणि लेव्हलिंगची पद्धत लिहा.

"आम्ही तर वजनावरून काढतो"

आपल्याकडच्या बऱ्याच लॅबमध्ये फिल्मच्या आधी आणि नंतर काचेचं वजन करून जाडी काढतात. वजनातला फरक भागिले घनता आणि क्षेत्रफळ. ही पद्धत वाईट नाही. माझ्या ७.५ × २.५ सेंटिमीटर काचेवर वजन २.४ मिलिग्रॅम वाढलं होतं. झिंक ऑक्साइडची घनता ५.६ धरली तर जाडी येते साधारण २२९ नॅनोमीटर. सुई सांगते ३०७. मग खोटं कोण?

कदाचित कोणीच नाही. ५.६ ही भरीव झिंक ऑक्साइडची घनता. स्प्रेने बनवलेल्या फिल्ममध्ये पोकळ्या राहू शकतात. वजन पोकळी मोजत नाही, सुई मोजते. फिल्म काचेवर सगळीकडे सारखी बसली असेल, तर या दोन आकड्यांचं गुणोत्तर सांगतं की फिल्म सुमारे एक चतुर्थांश पोकळ आहे. एकच पद्धत वापरली असती तर हे कळलंच नसतं.

तेव्हा स्लॉट मिळाला की आधी चर करा, दोन्ही वजनं लिहून ठेवा, मगच गाडीत बसा. आणि यंत्राने आकडा दाखवला की आधी विचारा: शून्य कुठे धरलंय?