भंडारा प्रांताच्या स्थानिक इतिहासांतील नित्य व नैमित्तिक

धर्मशास्त्रांत कर्मांचे नित्य आणि नैमित्तिक असे भेद सांगितले आहेत. जें प्रतिदिनीं करावयाचें तें नित्य. कांहीं निमित्त उपस्थित झालें म्हणजे जें करावयाचें तें नैमित्तिक. हाच भेद इतिहासाच्या साधनांस लावून पाहिला, तर आपल्या संग्रहांची स्थिति चटकन ध्यानांत येते. युद्ध, तह, गादीवर बसणें, किल्ला हस्तगत होणें, इनाम मिळणें हीं नैमित्तिकें होत. त्यांचे कागद आपण यत्नानें मिळवितों, वाचतों व छापतों. पेरणी, पाण्याची पाळी, गायरान, सरपण, बलुत्याचा हक्क हीं नित्यें होत. त्यांचे कागद दप्तरांत शेकड्यांनीं असतात, आणि संग्राहक ते बाजूस सारून शिक्क्याच्या सनदेकडे हात नेतो. वैनगंगेच्या खोऱ्यांतील भंडारा प्रांत, आणि त्यांतही साकोली तालुक्यांतील एकोडीसारखें गांव डोळ्यांपुढें ठेवून या बाजूस सारलेल्या कागदांचें मोल किती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम नैमित्तिकांची मालिका पाहूं. वैनगंगेच्या कांठीं पवनी येथें १९६९-७० सालीं उत्खनन होऊन इसवी सनापूर्वींचे विटांचे बौद्ध स्तूप उजेडांत आले. त्यायोगें या खोऱ्याची प्राचीनता निर्विवाद ठरली. त्यानंतरचा महत्त्वाचा लेख रतनपूरचा. कलचुरि राजा पहिला जाजल्लदेव याच्या, कलचुरि संवत् ८६६ म्हणजे इ. स. १११४ च्या, शिलालेखांत त्यास करभार देणाऱ्या मंडलांची यादी आहे. तींत वैरागर व लांजिका यांच्यासह ‘भाणार’ हें नांव येतें. वैरागर म्हणजे वैरागड, लांजिका म्हणजे लांजी, आणि भाणार म्हणजे भंडारा, असा अन्वय विद्वानांनीं लाविला आहे. पुढें देवगडच्या गोंड राज्यांत बख्त बुलंद शहाच्या काळीं, सुमारें १७०० मध्यें, अंबागडचा किल्ला उभा राहिला. तो बांधणारा राजा खान पठाण. देवगडच्या घरांत वारसाचा तंटा माजला, त्यांत पहिले रघूजी भोसले यांचा प्रवेश झाला, आणि १७४३ पर्यंत तें राज्य वस्तुतः भोसल्यांच्या हातीं आलें. १८१७ सालीं सीताबर्डीची लढाई झाली. १८१८ त आप्पासाहेब पदच्युत झाले, आणि त्याच धामधुमींत कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल यानें बंड केलें. पुढें १८३० पर्यंत रेसिडेंटाच्या हाताखालीं इंग्रज सुपरिंटेंडेंटांनीं कारभार पाहिला. १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ त राज्य खालसा झालें, व १८६१ त मध्यप्रांताची रचना झाली. १८८० नंतरच्या दोन वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वे या जिल्ह्यांतून पूर्वेस गेली.

ही मालिका खोटी नाहीं, निरुपयोगीही नाहीं. रा. यादव माधव काळे यांनीं १९३४ सालीं ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहिला, तेव्हां अशाच नैमित्तिकांची सुसंगत मांडणी करावयाची राहिली होती. परंतु या मालिकेचें एक लक्षण ध्यानांत घेण्याजोगें आहे. तिच्यांतील बहुतेक प्रत्येक गोष्टीचा निर्णय प्रांताबाहेर झालेला आहे: रतनपुरास, देवगडास, नागपुरास किंवा कलकत्त्यास. प्रांत तींत दिसतो तो करभार देणारा, जिंकला जाणारा, खालसा होणारा म्हणून. या भूमीवर राहणाऱ्यांनीं स्वतः काय केलें, हें तींतून कळत नाहीं. तें कळावयाचें तर तळ्यांकडे वळलें पाहिजे.

भंडाऱ्याच्या पूर्वेकडील भाग धानाचा. ज्येष्ठ-आषाढांत पऱ्हे टाकावे, पाऊस बसला म्हणजे बांध्यांत चिखल करून रोवणी करावी, आणि पुढें हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसावें, हा येथील वर्षक्रम. धान निसवण्याच्या वेळीं पावसानें ओढ दिली तर चार महिन्यांचे श्रम आठ दिवसांत वाळून जातात. ही भीति निवारण्यासाठीं येथील लोकांनीं उताराच्या जमिनीवर मातीची पाळ घालून पाणी अडविलें. लहान तळ्यास बोडी म्हणत. पाणी सोडण्याच्या दारास तुडुम आणि जास्तीचें पाणी वाहून जाण्याच्या वाटेस सलंग अशीं नांवें पडलीं. पुष्कळ ठिकाणीं वरच्या तळ्याच्या सलंगाचें पाणी खालच्या तळ्यांत, त्याचें आणखी खालच्यांत, अशी सांखळी आहे. पूर्व विदर्भांत या जातीचीं तळीं सहा हजारांहून अधिक मोजलीं गेलीं आहेत. त्यांच्या बांधणींत कोहळी समाजाचें कौशल्य प्रसिद्ध आहे. उंसाची लागवड व तळ्याची जागा हेरणें या दोन्ही गोष्टींत त्यांचा हात धरणारा दुसरा नव्हता.

हीं तळीं राजांनीं बांधलीं नाहींत. बांधणाऱ्यास राजानें उत्तेजन दिलें, एवढेंच. चांद्याच्या गोंड राज्यांत जो तळें बांधील त्यास त्या तळ्याखालीं भिजणारी जमीन वंशपरंपरेनें देण्याची वहिवाट होती, व त्या देणगीस ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपुरांतील एका वस्तीच्या नांवांत तो शब्द अजून जिवंत आहे. नवेगावचें मोठें तळें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पटेल कोहळी यानें बांधिलें, अशी परंपरा आहे. भोंवतालच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात, व त्या बहिणींनीं कोलूस बांध घालण्यास साह्य केलें, असें लोक सांगतात. दंतकथा म्हणून संशोधक ही गोष्ट बाजूस ठेवील. तथापि तींतला एक अंश पुराव्याचा आहे. तळ्याचा कर्ता म्हणून लोकांच्या स्मरणांत राहिला तो पटेल. राजा राहिला नाहीं. सात टेकड्यांच्या मधली घळ अडविली कीं बांध थोडा व पाणी फार, हा स्थापत्याचा मुद्दाही त्या कथेंत दैवी साह्याच्या रूपानें सांठविला आहे. कथेचा काळ संशयित असूं शकेल. तिनें सांगितलेली जागेची निवड आजही डोळ्यांनीं पडताळतां येते.

आतां कागदांकडे येऊं. भोसल्यांच्या अमलांत गांवचा पटेल सरकारशीं ठराविक मुदतीच्या वसुलाचा करार करी. खालसा झाल्यावर १८६० नंतरच्या बंदोबस्तांत इंग्रज सरकारनें अशा पटेलांस गांवाची मालकी दिली, हेच मालगुजार. या घडामोडींत गांवोगांव जे कागद निर्माण झाले त्यांचे ढोबळ मानानें तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग करारांचा: पट्टे, कबुलायती, जमाबंद्या. दुसरा वर्ग मोजणीचा: नकाशे, खसरे, पटवाऱ्याचीं पत्रकें. तिसरा वर्ग ‘वाजिब-उल-अर्ज’ याचा. या फारशी शब्दाचा अर्थ ‘निवेदन करण्यास योग्य तें’ असा आहे. गांवच्या वहिवाटी त्यांत लिहिल्या जात: कोणत्या तळ्याचें पाणी कोणत्या बांध्यांस व कोणत्या क्रमानें, गुरें कोठें चरावीं, सरपण व घराचें लांकूड कोणत्या रानांतून आणावें, गांवकामगारांस काय द्यावें. राज्याच्या इतिहासांत ज्यांचें नांव येणें शक्य नव्हतें त्या माणसांचा व्यवहार येथें सरकारी लेखांत उतरला आहे. रसेल यांनीं १९०८ सालीं सिद्ध केलेलें भंडारा जिल्ह्याचें गॅझेटियर हा सारांश होय. गांवचा वाजिब-उल-अर्ज हें मूळ होय.

हे कागद वाचतांना तीन ठिकाणीं चूक होण्याचा संभव आहे, म्हणून त्यांचा निर्देश करितों.

पहिलें स्थळ गांवाच्या नांवाचें. साकोली तालुक्यांत एकोडी आहे, तशी गोंदिया तालुक्यांतही एकोडी आहे. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वीं दोन्ही गांवें एकाच भंडारा जिल्ह्यांत होतीं. तेव्हां जुन्या कागदावर ‘मौजे एकोडी, जिल्हा भंडारा’ एवढेंच असेल, तर तो कोणत्या एकोडीचा हें नांवावरून ठरणार नाहीं. परगणा किंवा तहसील, शिवेवरचीं गांवें, मालगुजाराचें नांव व तळ्याचें नांव, यांपैकीं निदान दोन गोष्टी जुळल्याखेरीज निर्णय करूं नये.

दुसरें स्थळ सालाचें. कागदावर बहुधा फसली साल असतें, आणि फसली दोन प्रकारचें आहे. दक्षिणी फसलींत ५९० मिळविले असतां वर्षारंभाचें इसवी साल येतें; उत्तरी फसलींत ५९२ मिळवावे लागतात. फसली १२३८ हें दक्षिणी मानानें १८२८-२९ होतें, उत्तरी मानानें १८३०-३१. दोनच वर्षांचा फेर. पण एका हिशेबानें कागद इंग्रज सुपरिंटेंडेंटाच्या अमलांतील ठरतो, तर दुसऱ्यानें राजाच्या स्वतःच्या कारभारांतील. शक, तिथि व वार दिले असतील तर ते ताडून पाहावे. नसतील तर साल कागदावर आहे तसें उतरून घ्यावें, आपला तर्क त्यांत मिसळूं नये.

तिसरें स्थळ मापाचें. धानाच्या जमिनीचें मान पुष्कळदां क्षेत्रावर नसून बियांच्या मापावर असतें. खंडी, कुडव, पायली असे शब्द येतात. चिखलाच्या खोलगट जमिनीस व उतरत्या हलक्या जमिनीस बीं सारखें लागत नाहीं. म्हणून एकच गुणक लावून सर्व गांवांच्या जमिनींचे एकर काढणें युक्त नव्हे.

या सर्व खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर असें कीं, हे कागद अद्याप मेलेले नाहींत. १९५० च्या कायद्यानें मध्यप्रदेशांतील मालगुजारी नष्ट झाली, व ३१ मार्च १९५१ पासून गांवांची मालकी आणि तिजबरोबर तळीं सरकारांत गेलीं. मालक बदलला, पण पाणी, चराई व सरपण यांच्या वहिवाटी बुडाल्या नाहींत. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंत निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांचीं कलमें आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें निस्तारासारखे सामुदायिक हक्क मान्य केले, आणि त्याच्या नियमांत बंदोबस्ताचे अहवाल, गॅझेटियरें, नकाशे हे पुराव्यांत गणले. म्हणजे ज्या पत्रकास संग्राहक रद्दी समजतो, तेंच एखाद्या गांवाच्या रानावरील किंवा पाण्यावरील हक्काचा एकमेव लेखी आधार असूं शकतें. सनद हरवली तर इतिहासाचें एक पान जाईल; हें पत्रक हरवलें तर गांवाचा हक्क जाण्याचा संभव आहे.

धोका आहे तो येथेंच. मालगुजारी गेल्यावर मालगुजारांच्या घरच्या दप्तरांस व्यवहारांत किंमत उरली नाहीं. वाडे वांटले जातात, पडतात, विकले जातात; रुमाल सोडून कागद वाळवीस व रद्दीस मिळतात. त्यांतून कोणी संग्राहक पोंचलाच तर तो रुमालांतून मोर्तबाचा एक कागद काढून घेतो व उरलेले तेथेंच ठेवितो. ही रीत सोडली पाहिजे. रुमाल हा एकच पुरावा आहे. एका कबुलायतीचा अर्थ तिच्याखालच्या हिशेबाच्या चिठ्ठीवांचून लागत नाहीं. चिठ्ठींतल्या तळ्याचा ठिकाणा नकाशावांचून लागत नाहीं. म्हणून रुमाल फोडूं नये. कागद ज्या क्रमानें मिळाले त्याच क्रमानें त्यांवर अंक घालावे, प्रथम सर्वांचीं छायाचित्रें घ्यावीं, मग वाचनास लागावें. आणि एक प्रत त्या गांवांत राहील अशी तजवीज अवश्य करावी.

इंग्लंडांत १५३८ सालीं प्रत्येक धर्मग्रामांत नामकरणें, विवाह व दफनें यांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा झाली. त्या वह्यांत राजकारण नाहीं. परंतु पुढें त्यांच्याच आधारें तेथील लहानसहान गांवांचा व नगरांचा इतिहास लिहितां आला, व १८९९ त परगण्यांच्या इतिहासाची प्रचंड ग्रंथमाला आरंभितां आली. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या तितक्या जुन्या वह्या नाहींत. पण पाण्याच्या, धानाच्या व वहिवाटींच्या नोंदी आहेत. भाणार मंडल जाजल्लदेवास करभार देत होतें, हें शिलालेखानें सांगितलें. तो कर ज्या प्रकारच्या श्रमांतून निघतो, त्या श्रमांचा लेख मोडींत, मातकट कागदावर, मालगुजाराच्या माळ्यावर आहे. एकोडीच्या इतिहासाचीं पहिलीं साधनें तेथें शोधावीं.