आठ अक्षरांची खूण : किण्वपेशीतील एक प्रथिन

अलिबागच्या वाड्यांत माडाच्या पोयीतून उतरविलेला गोड रस काही तासांतच आंबू लागतो. हे काम मुख्यतः किण्वाचे. त्यात हमखास आढळणारी सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी ही जात प्रयोगशाळांतूनही अभ्यासली जाते. शर्करा मुबलक असेतो किण्व तिचा मद्यार्क करते. ती सरली व हवा मिळाली, की तोच मद्यार्क श्वसनाने जाळू लागते. त्यासाठी तंतुकणिकांतील अनेक प्रथिने हवीत. जनुके मात्र तीच असतात. मग पालटते काय?

जनुकाची नक्कल म्हणजे संदेशवाहक आर. एन. ए. त्याला चिकटणाऱ्या प्रथिनांपैकी पफ-३ हे संदेशाच्या शेवटाकडील, प्रथिनात न उतरणाऱ्या भागातील आठ अक्षरे ओळखते : यू-जी-यू-ए, मग कोणतेही एक, शेवटी ए-यू-ए. गर्बर, हर्शलाग व ब्राउन यांना २००४ साली त्याच्याशी निगडित दोनशेहून अधिक संदेश सापडले; बहुतेक तंतुकणिकांच्या प्रथिनांचे.

ग्लुकोज असताना पफ-३ अशा संदेशांचा नाश त्वरित घडविते; कॉक्स-१७ च्या संदेशाबाबत हे ओलिव्हास व पार्कर यांनी २००० साली दाखविले. येथे भाषाभ्यासकाला संदर्भाने अर्थ पालटणारा शब्द आठवेल. परंतु ही उपमा अपुरी आहे, कारण येथे पालटतो तो वाचक. ग्लुकोज सरताच पफ-३ वर फॉस्फेट गट जडतात आणि ते त्याच संदेशांपासून प्रथिने घडण्यास साहाय्य करते, असे ली व टू यांना २०१५ मध्ये आढळले. त्यामुळे जनुकांच्या नव्या नकलांची वाट न पाहता, हाताशी असलेल्या संदेशांवरच पेशीला श्वसनाची तयारी आरंभिता येते.