दमा समजून घेताना – लेखांक ६ : आधी श्वास सोडायला शिका

गेल्या आठवड्यात आपण पंप आणि स्पेसर नीट कसे वापरायचे ते पाहिलं. दवाखान्यात एवढं समजावून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. बहुधा तो रुग्णाच्या शेजारी बसलेल्या नातेवाइकाकडून येतो : ‘‘डॉक्टर, प्राणायाम सुरू केला तर पंप सुटेल का हो?’’

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, पंप सुटणार नाही. पण श्वासाचा सराव नेमाने केला तर त्रास कमी जाणवेल आणि दम लागल्यावर घ्यायच्या निळ्या पंपाकडे हात कमी वेळा जाईल. या उत्तराचे दोन्ही भाग खरे आहेत. पहिला भाग ऐकून काही जण सराव करतच नाहीत, आणि दुसरा भाग ऐकून काही जण औषध बंद करतात. दोघांचंही नुकसान होतं. म्हणून आज दोन्ही भाग नीट उलगडून पाहू.

हवा अडकते कुठे?

दम लागलेल्या माणसाला वाटतं की हवा आत जात नाहीये. प्रत्यक्षात पहिली अडचण हवा बाहेर पडण्याची असते. श्वास घेताना छाती फुगते, त्या ताणाने श्वासनलिकाही थोड्या रुंदावतात. श्वास सोडताना त्या पुन्हा अरुंद होतात. दम्यात नलिकांचं अस्तर सुजलेलं असतं, भोवतीचे स्नायू आवळलेले असतात, त्यात चिकट कफ. त्यामुळे सोडताना वाट आणखी चिंचोळी होते. घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज म्हणूनच बहुधा श्वास सोडताना आधी ऐकू येतो.

घाबरलेला माणूस अशा वेळी भराभर श्वास घेऊ लागतो. आधीची हवा पुरती बाहेर पडण्याआधीच नवी आत येते. गर्दीच्या लोकलमध्ये उतरणाऱ्यांना उतरू न देता चढणारे घुसले की दारात जे होतं, तेच छातीत होतं. फुप्फुसं फुगलेलीच राहतात. श्वासाचा मुख्य स्नायू असलेलं श्वासपटल घुमटासारखं वर उचललेलं असायला हवं, ते दबून सपाट होतं आणि त्याची ताकद घटते. मग मान आणि खांद्यांचे स्नायू मदतीला धावतात. दमेकरी खांदे उचलून श्वास घेताना दिसतो तो यामुळे. आडवं झालं की त्रास वाढतो आणि उठून बसलं की बरं वाटतं, हे चरकसंहितेतल्या तमकश्वासाच्या वर्णनातही नोंदलेलं आहे.

श्वासाच्या बहुतेक उपयोगी पद्धतींचं मूळ इथेच आहे. गती कमी करायची, सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, खांदे सैल ठेवून श्वासपटलाला काम करू द्यायचं. यात नलिकांची सूज उतरवणारं काही नाही, हे मात्र आत्ताच लक्षात ठेवा.

सूज वेगळी, सवय वेगळी

वर्षानुवर्षं दमा असलेल्या अनेकांची श्वासाची घडीच बिघडते. आराम करतानाही ते तोंडाने, छातीच्या वरच्या भागातून, गरजेपेक्षा जास्त श्वास घेतात. मधूनच मोठे उसासे टाकतात. जास्त श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, छाती गच्च होते आणि श्वास अपुरा वाटतो. रुग्णाला तो दम्याचाच झटका वाटतो, तो पंप मारतो, आणि पंपाने फरक पडत नाही म्हणून आणखी घाबरतो.

अशी बिघडलेली घडी ओळखायला नेदरलँड्समधल्या नायमेखन शहराच्या नावाची १६ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतात. ब्रिटनमध्ये दम्याचे उपचार घेणाऱ्या प्रौढांना ती दिली, तेव्हा २९ टक्के लोकांमध्ये बिघडलेल्या श्वसनाची लक्षणं आढळली. २००१ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे एकाच छातीत दोन दुखणी नांदू शकतात : एक सूज, दुसरी सवय. सुजेवर औषध लागतं, सवय मोडायला सराव लागतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

ब्युटेको आणि त्याची परीक्षा

सवयीवर सगळ्यात ठाम दावा केला तो कॉन्स्टंटिन ब्युटेको या सोव्हिएत डॉक्टरने. १९२३ साली युक्रेनमध्ये जन्मलेल्या ब्युटेकोने १९५२ पासून आपली पद्धत बांधायला घेतली. त्याचं म्हणणं असं, की दम्याचं मूळच अतिश्वसनात आहे. शरीरातून कार्बन डायऑक्साइड फार निघून जातो आणि तो राखण्यासाठी शरीर नलिका आवळून घेतं. म्हणून नाकाने, हळू आणि कमी श्वास घ्या, थोडा रोखा, तोंड मिटा. ‘खोल श्वास घ्या’ या सर्वमान्य सल्ल्याच्या अगदी उलट.

१९९०च्या दशकात ही पद्धत ऑस्ट्रेलियात पोचली आणि ब्रिस्बेनमध्ये ३९ रुग्णांवर तिची चाचणी झाली. १९९८ साली आलेले निकाल चक्रावून टाकणारे होते. तीन महिन्यांनी ब्युटेको गटातले लोक खरोखरच कमी श्वास घेत होते, आणि नलिका लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचा त्यांचा वापर बराच घटला होता. पण फुप्फुसांची क्षमता होती तिथेच होती, आणि ज्यावर सगळा सिद्धांत उभा, तो कार्बन डायऑक्साइडही बदललेला नव्हता. पद्धत उपयोगी पडली, तिचं स्पष्टीकरण मात्र टिकलं नाही.

२००३ साली नॉटिंगहॅममध्ये ९० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही तेच दिसलं. ब्युटेको गटाची लक्षणं कमी झाली, पंपाचे दिवसाला सुमारे दोन झोत वाचले, पण नलिकांची संवेदनशीलता आणि फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीचे आकडे तसेच राहिले. २००६ साली सिडनीच्या संशोधकांनी गंमतच केली. ५७ रुग्णांपैकी एका गटाला नाकाने उथळ श्वास घ्यायला शिकवलं, दुसऱ्याला खांदे फिरवणं, हात उचलणं असे साधे व्यायाम श्वासाच्या लयीत करायला दिले. दोन्ही गटांत निळ्या पंपाचा वापर ८६ टक्क्यांनी घटला! याचा अर्थ गुण एखाद्या गुप्त तंत्रात नसावा. पंप उचलण्याआधी थांबणं, शांत होणं, श्वासाकडे लक्ष देणं यातच बराचसा गुण असावा.

सगळ्यात मोठी चाचणी ब्रिटनमधली, २०१८ सालची. ६५५ रुग्णांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टने समोर बसवून तीन वेळा शिकवलं, काहींना डीव्हीडी आणि पुस्तिका दिली, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. वर्षभराने सराव करणाऱ्या दोन्ही गटांचं रोजचं जगणं सुधारलं होतं, आणि डीव्हीडीवाले कुठेही मागे नव्हते. फुप्फुसांची क्षमता आणि सुजेची मोजमापं मात्र सगळ्यांची सारखीच.

लोणावळा, बंगळूर, जयपूर

आपल्याकडे हा विषय प्राणायामाच्या वाटेने येतो. त्याला प्रयोगशाळेत नेण्याचा मान लोणावळ्याचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. यौगिक क्रियांची क्ष-किरण आणि दाबमापकाने तपासणी करणारे ते पहिल्या पिढीतले संशोधक. प्राणायामात प्राणवायू जास्त मिळतो हा समज त्यांनीच मोजमापं घेऊन बाजूला सारला. प्राणायामाचं मोल दुसरीकडे आहे, असं त्यांचं मत होतं. आजही ‘भरपूर ऑक्सिजन मिळतो’ म्हणून शिकवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही. निरोगी माणसाचं रक्त साध्या श्वासातही प्राणवायूने जवळजवळ पूर्ण भरलेलंच असतं.

१९८५ साली बंगळूरच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी ५३ दमेकऱ्यांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. योग करणाऱ्यांचे झटके कमी झाले, औषध कमी लागलं आणि फुंकण्याचा वेगही सुधारला. मात्र त्यात आसनं, ध्यान, प्राणायाम असं सगळंच होतं. त्यामुळे श्रेय एकट्या श्वासाला देता येत नाही.

१९९० सालचा प्रयोग जास्त नेमका होता. जयपूरचे डॉ. वीरेंद्र सिंह आणि नॉटिंगहॅमचे त्यांचे सहकारी यांनी एक छोटं उपकरण वापरलं. जयपूरच्या गुलाबी ओळखीवरून त्याचं नाव ‘पिंक सिटी लंग एक्सरसायझर’. ते तोंडात धरून श्वास घेतला की श्वास आपोआप मंद होतो, आणि रेचक (श्वास सोडणं) पूरकाच्या (श्वास घेण्याच्या) दुप्पट होतो. सौम्य दमा असलेल्या १८ जणांनी ते दिवसातून दोनदा, १५ मिनिटं, दोन आठवडे वापरलं. त्यानंतर त्यांच्या नलिका आवळायला हिस्टामिनची जास्त मात्रा लागू लागली. मात्र पुढे २००३ सालच्या त्याच नॉटिंगहॅम चाचणीत हे उपकरण सहा महिने वापरूनही फायदा दिसला नाही. म्हणजे आशा आहे, पण खात्री नाही.

बरं वाटणं आणि बरं होणं

इतके सगळे अभ्यास शेजारी शेजारी ठेवले की एक नक्षी दिसते. माणसाला बरं वाटतं, निळा पंप कमी लागतो, रोजचं जगणं सोपं होतं. पण बहुतेक ठिकाणी नलिकांची मोजमापं जागची हलत नाहीत. बरं वाटणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. जिना चढायची धास्ती जाणं, रात्री शांत झोप लागणं याचं मोल दमेकऱ्यालाच विचारा. म्हणूनच दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्ये श्वासाच्या व्यायामांना औषधांच्या जोडीने जागा दिलेली आहे.

धोकाही याच नक्षीत आहे. त्रास जाणवेनासा झाला की सूज उतरली असं वाटतं आणि रोजचा प्रतिबंधक पंप, म्हणजे स्टेरॉइडचा, आधी बंद होतो. सूज आत धुमसत राहते. मग सर्दी, दिवाळीचा धूर किंवा ढगाळ हवेचं निमित्त होऊन मोठा झटका येतो. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात. प्रतिबंधक पंप नेमाने न घेणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. औषध कमी करायचं तर ते तपासणी करून, डॉक्टरांनी, पायरीपायरीने.

सराव असा करा

दमा आटोक्यात असतानाच शिका. झटक्यात पहिल्यांदा शिकता येत नाही.

१. पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसा. पाय जमिनीला टेकलेले, खांदे सैल. एक हात छातीवर, एक पोटावर.

२. तोंड मिटून नाकाने श्वास घ्या. नाकात हवा गाळली जाते, कोमट आणि दमट होते, ती नलिकांना कमी टोचते. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे. श्वासाचा आवाज येऊ देऊ नका. मोठा श्वास घ्यायचा नाही, नेहमीएवढाच घ्यायचा.

३. मनात दोन अंक मोजत घ्या, चार मोजत सोडा. नाकाने सोडा किंवा दिव्यावर हलकी फुंकर मारावी तसे ओठ करून सोडा. शेवटी पोट आवळून हवा ढकलू नका. जमू लागलं की तीन आणि सहा.

४. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं पुरे. जेवणानंतर लगेच नको. चक्कर आली, मुंग्या आल्या, तर थांबा. तुम्ही जास्त श्वास घेताय.

५. महिनाभराने हीच लय चालताना आणि जिना चढताना वापरा.

नाक सतत चोंदलेलं असेल तर आधी त्याचा इलाज करा. तोंडाने श्वास घेणाऱ्याला हा सराव साधत नाही.

कपालभाती आणि भस्त्रिकेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण टीव्हीवर बघून ते करणारे घरोघरी आहेत. प्रयोगशाळेत व्यायामाने उफाळणारा दमा ओळखण्यासाठी रुग्णाला सहा मिनिटं जोरात, भराभर कोरडी हवा श्वासात घ्यायला लावतात आणि नलिका आवळतात का ते पाहतात. जी क्रिया झटका आणून दाखवायला वापरतात, तिच्या जवळची क्रिया पहाटेच्या गार हवेत, कुणी जाणतं सोबत नसताना करू नये. दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणंही, दमेकऱ्याने टाळावं. मंद अनुलोम-विलोम, कुंभकाशिवाय, चालेल.

झटका आला तर

आधी पंप, मग श्वास. ताठ बसा, किंचित पुढे झुका, हात मांडीवर किंवा टेबलावर टेका. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणे स्पेसरमधून झटक्याचा पंप घ्या. औषध काम करेपर्यंत ओठ गोल करून लांब सोडण्याची लय धरा. त्याने भीती आणि घाई दोन्ही आवरतात. एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल किंवा पंपाचा उपयोग होत नसेल, तर सराव बाजूला ठेवा, १०८ला फोन करा आणि रुग्णालय गाठा.

बरं वाटणं आणि नलिकांची खरी स्थिती यांत फरक पडू शकतो हे एकदा मान्य केलं, की ती स्थिती घरच्या घरी कशी मोजायची हा प्रश्न उरतो. त्यासाठी हाताएवढं, वीज न लागणारं एक साधन मिळतं : पीक फ्लो मीटर. त्याचे आकडे कसे घ्यायचे, हिरवा, पिवळा, लाल पट्टा कसा ठरवायचा आणि कुठल्या आकड्याला डॉक्टरांकडे जायचं, ते पुढच्या आठवड्यात. तोवर सात दिवस सराव करा आणि रोज निळा पंप किती वेळा लागला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात ती नोंद लागणार आहे.