येळवसची भज्जी आणि आत्यांची सही

डिसेंबर संपत आला की पेपरात केकच्या पाककृती यायला लागतात. मुलांना नाताळच्या सुट्ट्या लागलेल्या असतात, पुण्या-मुंबईचे पाहुणे यायचे असतात, स्वेटर-कानटोप्या ट्रंकेतून बाहेर निघालेल्या असतात. आमच्या लातूर जिल्ह्यात मात्र या दिवसांत मंडईत दोन बायका भेटल्या की केकबिक काही नाही, एकच प्रश्न. "यंदा किती पानं तुमच्यात?"

पानं म्हणजे येळवसच्या जेवणाची. मार्गशीर्षातली अमावास्या ती वेळ अमावास्या, आमच्या बोलीत येळवस. तिथीप्रमाणे कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि शेजारचा कर्नाटक, एवढ्याच पट्ट्यात हा सण. पण जिथे आहे तिथे दिवाळीला मागे सारील असा! त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस पडतात. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. सगळी माणसं शेतात जेवायला. ज्याला शेत नाही त्याला चार घरची आमंत्रणं, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पानावर बसवायचं.

माझं माहेर संगमनेरचं. तिथे येळवस हा शब्दसुद्धा कुणाला माहीत नाही. १९९८ च्या मे महिन्यात लग्न होऊन मी औसा तालुक्यात आले. डिसेंबरात एक दिवस सासूबाईंनी, आमच्यात सासूला आत्या म्हणतात, अंगणात वीस-पंचवीस पत्रावळी मोजायला घेतल्या. म्हटलं, घरात माणसं सात, ही बाकीची पानं कुणाची? आत्या म्हणाल्या, "जे येतील त्यांची." दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं जेवली.

तयारी दोन दिवस आधीपासून. ज्वारीचं पीठ भिजवून आंबायला ठेवायचं, ते आंबिलीसाठी. दुसऱ्या दिवशी ते शिजवून, गार करून, त्यात ताक घालायचं. मग लसूण-आलं-जिऱ्याचं वाटण, मीठ, कोथिंबीर. मडक्यात भरून तोंडाला फडकं बांधायचं. उन्हात चालून आलेल्या माणसाला एक तांब्या दिला की त्याचा जीव निवलाच म्हणून समजा. बाजरीच्या पिठाचे उंडे उकडायचे. गव्हाची खीर करायची. भाकरी, वरण, भात. आणि या सगळ्यांची राणी म्हणजे भज्जी.

भज्जी म्हणजे भजी नव्हे बरं का! मी पहिल्या वर्षी कढई आणि झारा शोधत बसले होते, ते आजही घरात सांगून हसतात. भज्जी ही पातळसर, दाटसर अशी मधलीच भाजी. शेतात त्या आठवड्यात जे जे उभं आहे ते तिच्यात जातं. हरभऱ्याचे ओले घाटे, तुरीच्या शेंगांचे दाणे, वाटाणा, पावटा, ओले शेंगदाणे, गाजर, वांगं, मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, थोडा आंबट चुका. हे सगळं शिजलं की बेसन कालवलेलं ताक त्यात सोडायचं. वरून तेलात भरपूर लसूण आणि हिरव्या मिरचीची फोडणी.

माझ्या माहेरी भोगीला जी मिसळीची भाजी करतात, तिची ही मावसबहीण म्हणा. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी मी लहानपणापासून खात आले. त्यामुळे वाटलं, जमेल. नाही जमलं. मी चुलीवर रटरटत्या भाजीत नुसतं आंबट ताक ओतलं आणि ते फुटलं! पातेलंभर भाजीत चोथा-पाणी. मला रडूच फुटलं. आत्यांनी काही न बोलता खालची दोन लाकडं ओढली, वाटीत बेसन घेऊन गार ताकात गुठळ्या मोडून कालवलं, आणि धार सोडत एकाच बाजूने ढवळत राहिल्या. पाच मिनिटांत भाजी एकजीव. "बेसनाबिगर ताक चुलीला टिकत नाय पोरी," एवढंच.

घरच्या आठ-दहा माणसांसाठी करायची असेल तर सगळे ओले दाणे मिळून चार वाट्या, चिरलेल्या भाज्या तेवढ्याच, पालेभाजी दोन मुठी, एक लिटर ताक आणि अर्धी वाटी बेसन पुरतं. ताक फार आंबट नको. दाणे आधी बोटचेपे शिजवून घ्यायचे, पाला शेवटी. कुकर लावू नका, लगदा होतो. आणि बाजारातून फ्रोजन मटार आणून केली तर... होते. पण ती भज्जी नव्हे.

का नव्हे, ते मला २०१६ मध्ये कळलं. त्या वर्षी येळवस जानेवारीत होती. सलग दुष्काळाची वर्षं. पुढे एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. आमच्या शेतात तेव्हा हरभरा नव्हता, तूर वाळून गेलेली. मंडईतून पावशेर-पावशेर आणलं, बाकी घरातले वाळलेले वाटाणे, हरभरे भिजत घातले. कडब्याची कोप उभी करायची तर कडबासुद्धा शेजारून मागून आणला. कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडतात आणि पूजा करतात. पूजा झाली, पानं वाढली, माणसं जेवली. आत्यांनी मात्र एकच घास खाल्ला आणि पान बाजूला सारलं. "बाजाराची चव आलीया." त्या दिवसापासून मी भज्जी चाखताना आधी शेताकडे बघते.

आता एक कबूल करते. पहिली दहा-बारा वर्षं मला या सणाचा राग यायचा. पहाटे तीनला उठायचं ते बायकांनी. भाकऱ्या थापायच्या बायकांनी. टोपली, मडकी डोक्यावर घेऊन बांधाबांधाने चालायचं बायकांनी. पुरुष मंडळी पूजा करणार, शेतभर फिरणार, मुलांबरोबर पतंग उडवणार, झाडाखाली पत्ते कुटणार. आम्ही शेवटच्या पंगतीला, गार भाकरी आणि पातेल्याच्या बुडाची भज्जी. संध्याकाळी कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन माणसं शेतातून पळतात, फार देखणं दृश्य असतं म्हणे. आत्यांनी लग्नानंतर कित्येक वर्षं तो पाहिलाच नव्हता, कारण त्या वेळी त्या विहिरीवर भांडी घासत असायच्या. मी शाळेत शिक्षिका. सहामाहीचे पेपर तपासून झालेले नसायचे, आणि इथे चाळीस पानं. ह्यांच्याजवळ कुरकुर केली की ठरलेलं उत्तर, "वर्षातून एकदाच तर असतं!" एकदाच म्हणायला काय जातं?

तर २०२४ ची गोष्ट. त्या वर्षी येळवस ३० डिसेंबरला, सोमवारी आली. नाताळची सुट्टी जोडून मिळाली म्हणून पुण्याहून धाकटे भाऊजी, जाऊबाई आणि त्यांची दोन्ही मुलं आली. सोलापूरहून नणंदबाई आल्या. माझी लेक हॉस्टेलवरून आली. घर भरलं. पण आत्या खुर्चीत. पावसाळ्यात पडून त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, वय अठ्ठ्याहत्तर. भाऊजींनी येतानाच सुचवलं होतं, "वहिनी, यंदा त्रास घेऊ नका. एक केटरर भज्जी-आंबील डब्यात देतोय. शेतात जाऊन खाऊ." खोटं कशाला बोलू, मला आधी बरंच वाटलं. जाऊबाई तर म्हणाल्याच, "अहो, सुटलो!"

आत्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी मी पाहते तर त्या खुर्ची ओढत ओढत पिठाच्या डब्यापाशी.

"आत्या, काय करलालाव तिथं?"

"पीठ भिजिवलालेय. उद्याच्याला आंबंल कसं?"

मग काय, डबा रद्द. पण त्या वर्षी मीही एक अट घातली. आत्या खुर्चीतून सांगणार आणि शेंगा सोलायला घरातले सगळे बसणार. सगळे म्हणजे सगळे. भाऊजी, हे, पुण्याची मुलं. धाकट्याने तुरीच्या शेंगेला वाटाणा म्हटलं, मोठ्याने दाणे सोलता सोलता निम्मे खाल्ले. रात्री अकरापर्यंत चटईवर गप्पा चालल्या होत्या. आणि त्या गप्पांतच भाऊजींनी विषय काढला. शेत विकायचा.

आमचं शेत चार एकर, रस्त्याला लागून. भाव चांगला येतोय. भाऊजींचं पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज आहे, मोठ्याचं इंजिनिअरिंग पुढ्यात आहे. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शेती बटईने दिलेली, हातात उरतं काय? सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे. हे गप्प. ह्यांचं नेहमी असंच, भावापुढे तोंड उघडत नाहीत. मी बोलायला गेले तर जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आम्हा सुनांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. चाळीस पानं वाढायला आम्ही, विचारायला कुणी नाही.

पण आत्यांचं नाव आहे. सासरे २०११ मध्ये गेले, तेव्हा वारस नोंद लागली. सातबाऱ्यावर चार नावं आली, आत्या, दोन मुलगे आणि नणंदबाई. त्या वेळी ओळखीच्या एकांनी सांगितलं होतं, बहिणीचं हक्कसोडपत्र लगेच करून घ्या, पुढे कटकट नको. आत्या निरक्षर. पण म्हणाल्या, "लेकीचं नाव राहू द्या. तिनं काय पानं वाढली न्हाईत का?" मैत्रिणींनो, हे मुद्दाम लिहिते आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानेच नवऱ्यामागे त्याच्या मिळकतीत बायकोला मुलांबरोबर वाटा मिळाला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला. आपल्यातल्या कितीजणींनी आपल्या घरचा सातबारा एकदा तरी डोळ्यांनी पाहिलाय? मी पाहिला नव्हता. त्या रात्री पहिल्यांदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी शेतात झाडाखाली आत्यांची खुर्ची ठेवली. चुलीपाशी मी आणि जाऊबाई. आत्या लांबूनच, "लाकूड ओढ. आता ताक. थांबू नको, ढवळ." या वेळी फुटलं नाही! पहिल्या पंगतीला सगळ्या बायका बसल्या, हीसुद्धा माझीच अट. वाढायला हे, भाऊजी आणि पोरं. भाऊजींनी नणंदबाईंच्या पानावर भाकरीच्या आधी खीर वाढली, त्यावरून दंगा. गरम भाकरी, गरम भज्जी पहिल्या पानावर मी लग्नानंतर सव्वीस वर्षांनी खाल्ली.

जेवणं झाल्यावर भाऊजी आत्यांजवळ जाऊन बसले. "आई, त्या कागदांचं..."

"माझी सही लागती नव्हं?"

"अंगठा चालतो."

"मंग बघू. हेंडगा पेटवायचाय आधी. मला बघायचाय."

त्या संध्याकाळी भाऊजींनीच हेंडगा धरला. पुण्याची पोरं मागे ओरडत पळाली. आत्या खुर्चीत मान वर करून बघत राहिल्या, धूर डोळ्यांत गेला तरी तोंड वळवलं नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सांगायला नको. आमचं सोयाबीन उभ्या उभ्या कुजलं, बांध वाहून गेला. हरभऱ्याची पेरणी लांबली. त्यात येळवस लवकर आली, १९ डिसेंबरलाच. झाडाला घाटे धरले नव्हते, म्हणून भज्जीत पालाच जास्त पडला. भाऊजींनी एक दिवस आधी येऊन बांधाची माती ओढायला हात लावला. विकायचं त्यांच्या डोक्यातून गेलंय असं नाही. कर्ज आहे तिथेच आहे. आणि पडलेला बांध बघून तर ह्यांनाही वाटायला लागलंय की देऊन टाकावं. मला विचाराल तर माझं मन एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. नणंदबाईंनी स्पष्ट सांगितलंय, आई असेपर्यंत मी सही करणार नाही.

आत्यांनी भज्जी चाखली, भुवया उंचावल्या. "हरभरा मागं पडलाय. पण चव शेताचीच हाय." मग मला जवळ बोलावून कनवटीचे पैसे काढले. आंबिलीचं जुनं मडकं पाझरायला लागलंय, कुंभाराकडून नवं आणायला. मी म्हटलं, चार-पाच लिटरचं बास की आता, माणसं कमी येतात. त्या म्हणाल्या, "मोठं आण."