पट्टी दिसते, प्रथिन नव्हे

डोंगरावर धूर दिसतो, आग दिसत नाही, तरी आपण म्हणतो की तिथे आग आहे. न्यायशास्त्रातला हा अनुमानाचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. आज तेच अनुमान जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कसं चालतं ते पाहू. पद्धतीचं नाव आहे वेस्टर्न ब्लॉटिंग.

ब्लॉट म्हणजे टिपणं. शाईच्या पेनांच्या काळातला टीपकागद आठवा. १९७५ मध्ये एडविन सदर्न यांनी डीएनएचे तुकडे असे टिपून शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचं आडनाव 'दक्षिणेचं', म्हणून पुढे आरएनएच्या रीतीला गमतीनं 'नॉर्दर्न' म्हटलं गेलं. प्रथिनांची रीत १९७९ मध्ये बाझलच्या टोबिन आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिला 'वेस्टर्न' हे नाव १९८१ मध्ये बर्नेट यांनी दिलं.

आता काम कसं चालतं ते बघा. पेशींच्या अर्कात हजारो प्रथिनं एकत्र असतात. त्यांत आपल्याला हवं ते आहे का, एवढाच प्रश्न. अर्कात एसडीएस नावाचं द्रव्य घालून तापवतात. त्यानं प्रथिनांच्या घड्या उलगडतात आणि सगळ्यांवर ऋण विद्युतभार चढतो. मग जेलमधून वीजप्रवाह सोडला की प्रथिनं धन टोकाकडे धावतात. लहान पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. ही झाली वजनानुसार रांग. ती रांग जशीच्या तशी नायट्रोसेल्युलोजसारख्या पडद्यावर टिपून घेतात. पडद्याच्या रिकाम्या जागा भरायला बहुधा काय वापरतात? साय काढलेल्या दुधाची पावडर! नाहीतर पुढची द्रव्यं वाटेल तिथे चिकटतील. मग हव्या त्या प्रथिनालाच धरणारं प्रतिपिंड सोडतात. त्याला धरणारं दुसरं प्रतिपिंड, आणि या दुसऱ्याला जोडलेलं विकर. ते विकर योग्य द्रव्य मिळालं की प्रकाश निर्माण करतं. कॅमेऱ्यात उमटते एक काळी पट्टी.

म्हणजे आपण पाहिली ती पट्टी. प्रथिन आपण पाहिलंच नाही, त्याचं अनुमान केलं. हे अनुमान दोन साक्षीदारांवर उभं आहे: पट्टीची जागा वजन सांगते, आणि प्रतिपिंड ओळख सांगतं.

दोघंही चुकू शकतात, बरं का. कर्करोगाच्या अभ्यासातलं प्रसिद्ध प्रथिन पी-५३ घ्या. जेलमध्ये ते ५३ किलोडाल्टनच्या जागी दिसलं, म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात त्याचं वजन सुमारे ४४ आहे. त्याच्या घडणीमुळे ते जेलमध्ये हळू सरकतं. दुसऱ्या साक्षीदाराची गोष्ट अधिक गंभीर. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटा या प्रथिनासाठी वापरात असलेली १३ प्रतिपिंडं तपासल्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. नेमकं तेच प्रथिन धरणारं निघालं फक्त एक. स्तनाच्या ऊतींत हे प्रथिन असतं असं पूर्वी अनेकदा लिहिलं गेलं होतं. त्या एका प्रतिपिंडाला ते तिथे सापडलं नाही. म्हणजे धूर समजून लोक धुक्याकडे बघत होते.

मग करायचं काय? इथे नैयायिकांची शिस्त कामी येते. ते म्हणत, आग नक्की असते तिथे धूर दाखवा: स्वयंपाकघर. हा सपक्ष. आणि आग नक्की नसते तिथे धूर नाही हेही दाखवा: तळं. हा विपक्ष. प्रयोगशाळेतही हेच लागतं. ज्यात प्रथिन नक्की आहे असा नमुना, तिथे पट्टी यायलाच हवी. आणि ज्या पेशींतून त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलंय असा नमुना, तिथे पट्टी येता कामा नये. तिथेही आली, तर ते प्रतिपिंड भलत्यालाच धरतंय. आपल्याला नेहमी स्वयंपाकघर आठवतं. तळ्याकडे जायचा कंटाळा येतो.

हा काही नुसता वादाचा विषय नाही. एचआयव्हीच्या निदानात बरीच वर्षं पहिली चाचणी सकारात्मक आली की खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट करत. तिथे मांडणी उलटी असते: विषाणूची प्रथिनं पट्टीवर आधीच असतात आणि रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं शोधायची असतात. एखादीच रेघ उमटली तर अहवालात 'आहे' लिहीत नसत, 'नाही'ही लिहीत नसत. 'अनिश्चित' लिहीत, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासत. वाट पाहणाऱ्या माणसाला ते आठवडे किती जड जात असतील! पण एका रेघेवर त्याचं आयुष्य ठरवून टाकणं हा त्याहून मोठा अन्याय झाला असता.

तेव्हा कुणी पट्टी दाखवली की आपण एकच विचारू या: तुमचं तळं कुठे आहे?