तोंडावरून मासा

धाराशिव जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. तेरणा आणि मांजरा यांचं पाणी गोदावरीला जातं, सीना आणि बोरी यांचं भीमेतून कृष्णेला. मध्ये बालाघाटचं पठार. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन महानद्यांचे मासे. पण आज तेरच्या तेरणा धरणावर किंवा परंड्याच्या सीना-कोळेगाववर जाळं ओढलं, तर पाटीत बहुधा कटला, रोहू आणि मृगळ हेच त्रिकूट येतं. तिघंही मूळचे उत्तरेचे, गंगेच्या खोऱ्यातले.

ते इथवर आले त्याला एक तारीख आहे. हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळी नदीचा वाहता पूर लागतो. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुळ इथे हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवली. त्यानंतर बीज हौदात तयार होऊ लागलं आणि दुष्काळी मुलखातल्या तलावांतही पोचलं.

बाजारात तिघांनाही पुष्कळदा ‘रोहू’ म्हणूनच हाक मारतात. रंगावर जाऊ नये, हा माझा पहिला आग्रह. काळ्या मातीच्या गढूळ पाण्यात मासा फिका पडतो, निवळ पाण्यात तोच गडद होतो. पाहायचं ते तोंड. कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने अवाढव्य, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर उघडणारं, मिशा नाहीत, खवले मोठे. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचं तोंड किंचित खाली वळलेलं, ओठ जाड आणि त्यांना झालर, मिशा असल्या तरी अगदी बारीक. त्याची चराई मधल्या थरात. मृगळ सडपातळ, नाक बोथट, तोंड रुंद आणि ओठ पातळ, झालरीचा पत्ता नाही. तो तळाचा गाळ चाळतो. एकाच तळ्यात तिघं सोडतात ते याचसाठी: ताटं वेगळी, म्हणून भांडण कमी. ज्याला तोंड वाचता आलं त्याला तळ्याचे तीन मजले कळले.

खरी अडचण बोटुकलीच्या वयात येते. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, तर नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघडच. बोटभर वाढलेल्या पिल्लांत मात्र खुणा उमटतात: कटल्याचं डोकं तेव्हापासूनच मोठं, कल्ल्याचं झाकण तांबूस, शेपटीच्या बुडाशी डाग नाही. मृगळाच्या तिथे काळा तिकोनी डाग दिसतो. शेततळ्यासाठी बीज घेणाऱ्याने पिशवी बांधण्याआधी मूठभर पिल्लं पांढऱ्या थाळीत घेऊन पाहावीत. वर्षाचं उत्पन्न त्या थाळीत ठरतं. यातही एक मेख आहे. कटला आणि रोहू यांचा संकर होतो आणि तो पुढे प्रजननक्षमही असतो. डोकं रोहूपेक्षा मोठं, कटल्यापेक्षा लहान, असा मासा हाती आला तर त्याला ‘नीट न ओळखलेला कटला’ म्हणू नये. तो दोघांचाही आहे.

चौथा पाहुणा सायप्रिनस. त्याची वाट वेगळी: जर्मन वाण 1939 साली श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला, बँकॉकचा 1957 साली. पाठीवरचा पर लांबच लांब, त्याच्या सुरुवातीला करवतीसारखा काटा आणि मिशांच्या दोन जोड्या, एवढ्यावर चूक होऊच नये. तो साठलेल्या पाण्यातही विणतो, म्हणून एकदा शिरला की टिकतो. मांगूर या आणखी एका माशाच्या बाबतीत तर घोटाळा महागात पडतो. देशी मांगूर लहानखुरा. ‘थाई’ म्हणून विकला जाणारा, भारतात बंदी असलेला मांगूर खरं तर आफ्रिकेतला. तो मीटरभराच्याही वर वाढतो आणि तळ्यातले बाकीचे मासे फस्त करतो.

आपल्याला तोंड आणि पर पाहायचे आहेत, कारण याच पाण्यात रोहूसारखाच दिसणारा एक घरचा मासा आहे, लेबिओ फिम्ब्रिएटस. गोदावरी आणि कृष्णा दोन्हींचा. त्याच्याही ओठांना झालर असते, म्हणून तो सहज रोहूत खपतो. पण त्याच्या मिशांच्या जोड्या दोन आणि पाठीवरचा पर रोहूपेक्षा लांब. घरच्या माशांची नोंद जुनी आहे: ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने 1839 साली दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा कित्येक जातींना इथल्या बोलीतलीच नावं दिली. शिंगाळा, फुलंगी, कोळस अजून शास्त्रीय नावांत आहेत. इथल्या कोळ्यांनी केलेली ओळख लंडनपर्यंत गेली.

2016च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. धरण असं तळाला गेलं की त्यातली माशांची जुनी पिढी संपते, आणि पुढच्या पावसाळ्यात सोडतात ते पुन्हा विकतचं बीज. घरचा मासा परत येतो तो वरच्या डोहांत जगला असेल तरच. म्हणून पाटीत रोहू दिसला की मी त्याचा पाठीवरचा पर बोटांनी उघडून पाहतो, मग मिशा मोजतो.